भिकाजी शिंप्याची उरलेली पिन

काम संपतं आणि हातात एखादा खिळा उरतो. तो गुपचूप खिशात टाकायचा आणि "झालं बघा काम" म्हणून हात झटकायचे, ही खोड फार जणांना असते. अशाच हातांनी पूल बांधले जातात आणि शाळांवर पत्रे चढतात. पुढे जे कोसळायचं ते दुसऱ्याच्या डोक्यावर कोसळतं.

घाटमाथ्यावरच्या एका गावात भिकाजी नावाचा शिंपी राहायचा. हात साफ, जीभ गोड आणि खिसा कायमचा फाटका. शिवलेले कपडे डोक्यावर घेऊन तो आणि त्याची बायको इंदू दर आठवड्याला घाट उतरून खालच्या बाजाराला जात. पोहोचेपर्यंत ऊन चढलेलं असे आणि चांगली गिऱ्हाइकं निघून गेलेली असत.

पाटलांच्या गोठ्यात एक जुनी मोटरसायकल पडून होती. तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. पाटलांच्या घरी लग्न निघालं तेव्हा भिकाजी म्हणाला, "सगळ्या घराचे कपडे फुकट शिवतो. ती गाडी मला द्या."

पाटील हसले. "ने. कोंबडी तेवढी ठेव."

गाडी दारात आली, पण ती दुरुस्त करून घ्यायला पैसे कुठले? भिकाजीने आजवर शिलाई मशीन सोडून दुसरं यंत्र उघडलं नव्हतं. त्याने अंगणात एक जुनं लुगडं पसरलं आणि स्वतःच गाडी खोलायला बसला. काढलेला प्रत्येक भाग लुगड्यावर ठेवायचा आणि कापड बेतायच्या खडूने त्याच्याभोवती रेघ ओढायची, म्हणजे कशाशेजारी काय होतं ते कळेल. झिजलेल्या भागांच्या जागी तो भंगारातून दुसरे हुडकून आणी आणि रॉकेलने धुऊन काढी. सीटचं कव्हर मात्र त्याने असं शिवलं, की कोंबडीनेही ओळखलं नसतं.

बांगड्या विकणारी ठकूआजी येता-जाता टोपली टेकवून बघत उभी राहायची.

"भिकाजी, मशीनला पाय मारतोस, तसाच हिलाही मारायचा का रे?"

"तसाच, आजी. फक्त ही एका जागी बसणार नाही."

"बसली नाही म्हणजे मिळवलीस."

एके दिवशी वारा सुटला आणि लुगडं उलटलं. भाग गोळा झाले, पण खडूच्या रेघा पुसल्या गेल्या. राहिलेली गाडी भिकाजीने आठवेल तशी जोडली. किक मारली तशी ती खोकली, तिने काळा धूर ओकला आणि ती सुरू झाली. त्याने गावभर फेऱ्या मारल्या. हसणारे लोक बाजूला सरून वाट देऊ लागले.

घरी येऊन पाहतो तर अंगणात एक पिन पडलेली. दोन पायांची, काडीपेटीतल्या काडीहून आखूड. भिकाजीने ती उलटसुलट करून बघितली. त्याचा जन्म कापड बेतण्यात गेला होता. कितीही नीट बेता, चिंधी उरतेच, आणि जेवढी जास्त उरेल तेवढा शिंपी हुशार. "ही यंत्रातली चिंधी असेल," असं म्हणून त्याने पिन बटणांच्या डब्यात टाकली.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. खालच्या एका दुकानदाराला गणवेशांचा गठ्ठा सकाळीच हवा होता. गठ्ठा वेळेत पोहोचला, तर वर्षभराची शिलाई भिकाजीला मिळणार होती. इंदू गठ्ठा मांडीवर घेऊन मागे बसली. निरोप द्यायला अर्धं गाव जमलं.

"अहो, या शर्टाचं बटण लोंबतंय," इंदू म्हणाली.

"दे इकडे. लोंबतं बटण आपण गिऱ्हाइकाला देत नाही."

भिकाजीने सुईदोऱ्यासाठी घरातून बटणांचा डबा आणून उघडला. बटणांवर ती पिन पडली होती.

बटण लावून झालं, तरी त्याला डबा मिटवेना. आता गाडी खोलली तर शिलाई जाणार, वर गाव हसणार. पिनेची गोष्ट त्याच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हती. पण पुढे घाट होता आणि मागे इंदू.

"इंदू, उतर."

"का? काय झालं?"

"काल ही पिन उरली होती. मी बोललो नाही."

इंदूने गठ्ठा खाली ठेवला आणि पाना आणून त्याच्या हातात दिला. लोकांना मात्र विषय मिळाला. "शिंप्याने गाडी शिवली, टाका चुकला," असं कोणी म्हणालं.

ठकूआजी म्हणाली, "बसली का रे शेवटी एका जागी?"

भिकाजी पाना घेऊन खाली बसला. एकेक भाग तपासत तो मागच्या चाकापाशी आला. तिथे ब्रेक धरून ठेवणाऱ्या पट्टीचा एक नट होता आणि नटासमोर एक रिकामं भोक. नट सुटू नये म्हणून ती पिन त्या भोकात घालायची होती. गावातल्या फेऱ्यांनीच नट शेवटच्या आट्यांवर येऊन टेकला होता. घाटात ब्रेक दाबला असता, तर पट्टी निसटली असती.

हसणारे पुढे येऊन ते भोक वाकून बघू लागले. इंदू बराच वेळ घाटाच्या रस्त्याकडे बघत राहिली.

भिकाजीने नट आवळला, पिन घातली आणि तिचे पाय वाकवले. दोघं बाजारात पोहोचली तेव्हा ऊन चढलं होतं. दुकानदाराने गणवेश ठेवून घेतले, पण वर्षाची शिलाई दुसऱ्याला देऊन टाकली होती. परतताना गाडी कुठेही न कुरकुरता घाट चढली.

तात्पर्य: जगाने शाबासकी दिली म्हणून काम पुरं होत नाही, आपल्या हातात काय उरलं, ते आपणच उघड सांगावं आणि जागेवर नेऊन बसवावं, मग त्यात हातचा घास गेला तरी चालेल.

हे तात्पर्य गावाने मान्य केलं. ठकूआजी तर दुसऱ्याच दिवशी चोळीचा खण घेऊन भिकाजीच्या दुकानात आली.

"आता कापड तुझ्याकडेच टाकणार बाबा," ती म्हणाली. "पण उरलेली चिंधीसुद्धा परत दे."