जहागीरदाराची बुडी

तळ्याकाठच्या एका गावात एक जहागीरदार राहत होता. त्याने हौसेखातर शिडाची होडी बांधून घेतली. रेशमी शीड, पितळी कड्या, टेकायला लोड. होडीत सगळे होते. फक्त ती चालवता येणारा माणूस नव्हता.

त्या तळ्याचा एक रिवाज होता, त्याला 'बुडी' म्हणत. नवख्याने काठाजवळच्या छातीभर पाण्यात आपली होडी मुद्दाम उलटायची आणि स्वतः सरळ करायची. ज्याला हे जमेल, त्यालाच तळ्याचा मुकादम होडी आत नेऊ देई.

गावासमोर नाकातोंडात पाणी घेणे हे नोकरांचे काम, असे म्हणून जहागीरदाराने आपल्या गड्याला उतरवले. गड्याने मालकाच्या नावाने होडी उलटली, सरळ केली आणि मुकादमाने मालकाला उत्तीर्ण केले. मुकादम किती खाली वाकू शकतो, हे गावाने त्या दिवशी पाहिले.

जहागीरदारीणबाई मात्र पदर खोचून स्वतः पाण्यात उतरल्या. बऱ्याच वेळा आपटल्या, पण अखेर होडी उभी केली.

"गोठ्यात म्हशी काय कमी होत्या?" जहागीरदार काठावरून म्हणाला. मुकादम मनापासून हसला. पहिल्या सफरीचे आमंत्रण त्यालाच होते.

दुसऱ्या दिवशी जहागीरदार, बाई आणि मुकादम असे तिघे निघाले. सुकाणू अर्थातच जहागीरदाराच्या हाती. मध्यावर वारा फिरला, शीड फाडकन दुसऱ्या बाजूला गेले आणि होडी आडवी झाली. जहागीरदार दूरच्या काठावरल्या गड्याला हाका मारू लागला. मुकादम गटांगळ्या खाऊ लागला. त्याला मुकादमी वडिलांकडून मिळाली होती, पोहणे नव्हे. दोघांनीही पाण्यात पसरलेले शीड घट्ट धरले. त्यांच्या भाराने होडी आणखी बुडू लागली.

"शीड सोडा, माझा पदर धरा," बाई म्हणाल्या. जीव जायची वेळ आली तेव्हा दोघांनी ऐकले. बाई आडव्या होडीच्या तळातून बाहेर आलेल्या फळीवर चढल्या, वरची कड धरून मागे रेलल्या. होडी हळूहळू उभी राहिली.

काठाला लागताच जहागीरदाराने मिशा पिळून पाणी काढले. "काय मुकादम, आता तर आमची बुडी झाली ना?"

"झालीच की, सरकार," ओकता ओकता मुकादम म्हणाला.

"नाही झाली," बाई म्हणाल्या. "तुम्ही नुसते बुडालात. होडी मी उभी केली."

आणि सुकाणू धरून त्या एकट्याच पुन्हा तळ्यात गेल्या.

तात्पर्य: आपल्या वाटची बुडी दुसऱ्याला घ्यायला लावता येते, पण बुडायची वेळ आली की तो काठावर असतो. आणि मोठ्यांसाठी नियम वाकवणाऱ्याला नेहमी त्यांच्याच होडीत बसवावे.