अठरा वर्षांची यादी

एकदा एक सुखवस्तू गृहस्थ आपल्या जुन्या गुरूंकडे सल्ला मागायला गेले. गुरू म्हणजे कोणी दाढीवाले महाराज नव्हेत. मोटारी दुरुस्त करण्यात ज्यांची हयात गेली असे ते एक वृद्ध मिस्त्री होते, आणि सारे गाव त्यांना वस्ताद म्हणत असे. गृहस्थांनी तरुणपणी त्यांच्या हाताखाली सात वर्षे काढली होती. पुढे त्यांनी पंपाचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना काढला, नाव कमावले, साठी गाठली; तरी वस्तादांच्या पुढ्यात ते शिष्यच. म्हणून आपणही त्यांना शिष्यच म्हणू, आणि शिष्याला अहोजाहो करण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

शिष्याच्या काखेत एक जाडजूड वही होती. तो आल्या आल्या म्हणाला, "वस्ताद, डॉक्टरांची ती लाल गाडी शेवटी विकायला निघाली. ते मुलीकडे राहायला चाललेत. उद्या सकाळी पुण्याचा एक माणूस गाडी न्यायला येतोय. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला हवी असेल तर आज संध्याकाळपर्यंत सांगा. आता तुम्हीच बोला, घेऊ की नको?"

ती गाडी म्हणजे काही साधी मोटार नव्हती. साठ वर्षांपूर्वी परदेशात घडवलेली, उघड्या टपाची, लांब नाकाची, ठेंगणी आणि जेमतेम दोन माणसांची स्पोर्ट्स कार होती ती. डॉक्टरांनी हौसेने आणली आणि जिवापाड सांभाळली. अठरा वर्षांपूर्वी ते आपण होऊन शिष्याला म्हणाले होते, "माझ्याच्याने आता हिची निगा होत नाही. तुम्हाला इंजिनातलं कळतं, तुम्ही हिचे हाल करणार नाही. न्या तुम्ही."

त्याच दिवशी शिष्याने ही वही उघडली. वस्तादांच्या गॅरेजचा पहिला नियमच तसा होता: आधी यादी, मग पाना. इंजिनातले सगळे दोष कागदावर उतरल्याखेरीज ते कोणाला पान्याला हात लावू देत नसत. नियम चोख होता, त्यामुळे शेकडो इंजिने वाचली. शिष्याने तोच नियम आपल्या हौसेला लावला आणि तिथेच सगळा घोळ झाला.

डाव्या पानावर फायदे, उजव्या पानावर तोटे. जुनी होईल तशी हिची किंमत वाढणार, हा फायदा. पण सुटे भाग बोटीने यायचे, महिनोन्‌महिने वाट पाहायची, हा तोटा. इंजिन साधे, आपल्या हाताने उघडावे आणि आपल्या हाताने मिटावे, हा फायदा. पण पोट जमिनीला इतके जवळ की आपल्याकडच्या गतिरोधकांवर ते खरवडून निघणार. देखणी तर अशी की चौकात पोलीसही वळून पाहील. पण पावसात टप गळतो, उन्हात चटके बसतात, आणि घरात माणसे चार, जागा दोन. शिवाय, आपल्या वयाला हे शोभते का? हा प्रश्न त्याने बेचाळिसाव्या वर्षी लिहिला होता! दर दसऱ्याला तो डॉक्टरांच्या अंगणात जाऊन त्या गाडीला झेंडूचा हार घाली, बोनेटवरून हात फिरवी, वाकून एखादा नवा तोटा हेरी आणि घरी येऊन लिहून ठेवी. परक्याच्या गाडीची इतकी वर्षे मनोभावे पूजा करणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत नसेल. डॉक्टरही सज्जन; तुमचं ठरेपर्यंत थांबतो म्हणाले आणि खरोखरच थांबले.

त्याच्या घरात मात्र कोणीही यादी केली नव्हती. पहिल्याच दिवशी त्याची पत्नी शैलजा म्हणाली होती, "घेऊ या की! एका रविवारी मुलांना आईकडे ठेवू आणि आपण दोघंच घाट उतरून समुद्रावर जाऊ. टप उघडा ठेवून हं." त्यावर तो म्हणाला होता, "जरा विचार करू."

तर वस्तादांनी ती वही हातात घेतली आणि न उघडताच शेजारच्या ऑइलच्या डब्यावर ठेवून दिली. मग ते आतून एक पाट घेऊन आले. चाकांपाशी काम करताना मिस्त्री लोक बूड टेकायला घेतात तो, वीतभर उंचीचा, काळाकुट्ट झालेला पाट. तो शिष्यापुढे ठेवून ते म्हणाले, "बस."

शिष्याला काही उमगेना. पण गुरूची आज्ञा, तो बसला. खरे सांगायचे तर अर्धा बसला आणि उरलेला आदळला.

"आता ऊठ. हात न टेकता."

शिष्याने एकदा जोर केला, दुसऱ्यांदा केला. गुडघ्यांनी कटकन आवाज दिला आणि तो पुन्हा पाटावर. शेवटी वस्तादांनी पुढे केलेला हात धरून तो उभा राहिला. तो हात ऐंशी वर्षांचा होता. दोघांनाही हसू आले, पण शिष्याचे लवकर मावळले.

"डॉक्टरांच्या गाडीची सीट एवढीच खाली आहे," वस्ताद म्हणाले. "हे वहीत लिहिलंयस का?"

"सीटची उंची लिहिलीय."

"आणि गुडघ्यांचं?"

शिष्याचा हात आपसूक गुडघ्यावर गेला.

"बघ. गाडीचं वय लिहिलंस, टायरांचं लिहिलंस, रबरी नळ्यांचंसुद्धा लिहिलं असशील. तुझं तेवढं राहिलं. अरे बाबा, बरं-वाईट तोलायलाही वेळ लागतो, आणि तो वेळ ना डाव्या पानावर चढतो ना उजव्या. तू गाडी घेतली नाहीस याचं मला दुःख नाही. नको होती तर पहिल्याच वर्षी नको म्हणून मोकळा झाला असतास. तू घेतलीही नाहीस आणि सोडलीही नाहीस."

मग वस्ताद आवाज उतरवून म्हणाले, "चूक माझीही आहे. यादी करायला मी शिकवलं, ती थांबवायला शिकवायचं राहून गेलं. गॅरेजात ते शिकवावं लागलंच नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून बोंब मारायचं, यादी आपसूक थांबायची. तुझं गिऱ्हाईक बोंब मारणारं नव्हतं."

"माझं कुठलं गिऱ्हाईक, वस्ताद?"

"त्या गाडीत दुसरी जागा कोणाची होती?"

शिष्य तसाच वळला आणि निघाला. वही त्याने तिथेच सोडली. तो थेट डॉक्टरांकडे गेला, तासाभरासाठी किल्ली मागून घेतली, आणि कसाबसा अंग मुडपून त्या गाडीत बसला. इंजिन पहिल्याच दमात सुरू झाले. बाजारपेठेतून जाताना लोक दुकानातून माना बाहेर काढून पाहत होते आणि त्याच्या छातीत विशीतल्यासारखी धडधड होत होती. अठरा वर्षांत तिला चालवून पाहायचे त्याने एकदाही मनावर घेतले नव्हते. इतकी गुणाची गाडी! त्याला हसावे की रडावे ते कळेना.

हॉर्न ऐकून शैलजा फाटकाशी आली. गाडी पाहून तिने तोंडावर हात ठेवला.

"अगंबाई! घेतलीत?"

"अजून नाही. तू आधी बस. घाटापर्यंत जाऊन येऊ."

ती हसत पुढे झाली. त्याने दार उघडून धरले. तिने एक पाय आत टाकला, मग दाराला धरून खाली वाकू लागली आणि मध्येच थांबली. दोन वर्षांपूर्वी तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली होती. इतके खाली बसायला दवाखान्यातल्या सर्जननी कायमची मनाई केली होती. शिष्याला हे ठाऊक नव्हते असे नाही. दवाखान्यात महिनाभर तोच तिच्या उशाशी बसला होता. फक्त गाडीशी त्याचा संबंध त्याने कधी जोडला नव्हता.

तिने पाय हलकेच बाहेर घेतला आणि दारावर हात ठेवून ती उभी राहिली.

"तुम्ही या जाऊन," ती म्हणाली.

"तुला वाईट वाटलं?"

"आता नाही वाटत. पहिली काही वर्षं दर रविवारी वाटायचं, आज तुम्ही घेऊन याल. टपाशिवायच्या गाडीत केस उडतील म्हणून एक रुमालसुद्धा आणून ठेवला होता. मग कधीतरी वाटायचं थांबलं. कधी थांबलं ते कळलंही नाही."

"मला म्हणायचंस तरी एकदा."

"काय म्हणणार? तुम्ही विचार करत होतात."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर शिष्याला बरे वाटले असते. त्याने गाडी वळवली, डॉक्टरांच्या अंगणात नेऊन उभी केली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "पुण्याच्या माणसाला द्या," तो म्हणाला. डॉक्टरांनी कारण विचारले नाही. अठरा वर्षांत शिष्याने त्या गाडीबाबत घेतलेला हा पहिला निर्णय होता, आणि तो अर्ध्या मिनिटात झाला.

तो चालतच घरी आला. शैलजा ओट्यावर खुर्ची टाकून भाजी निवडत बसली होती. तो तिच्यापाशी पायरीवर बसला. त्याने एवढेच विचारले, "शैला, आत्ता, आज, तुला कुठं जावंसं वाटतंय? सांग, लगेच निघू. आपल्या नेहमीच्या गाडीनं."

तिने हातातली मेथी खाली ठेवली. त्याच्याकडे पाहिले, मग रस्त्याकडे पाहिले. तिने अगदी मनापासून विचार केला. ऊन ओट्यावरून उतरून अंगणात गेले, तरी तिला एकही ठिकाण आठवेना.