मोडेना ती भाकर

हिवरकोंड गावाच्या ओढ्यापलीकडे बाभळींच्या आडोशाला एक लांबट कौलारू घर होते. त्याला ना शिखर ना कळस, आणि घंटाही बाभळीच्या फांदीलाच टांगलेली. राणीच्या राज्यात प्रेस्बिटेरियन मिशनच्या साहेबांनी बांधून दिलेले ते प्रार्थनाघर. साहेब स्वतः दूर जिल्ह्याच्या गावी राहत. इथली चिमूटभर मंडळी सांभाळायला त्यांनी पाळक सिलासबाबांना ठेवले होते. बाबांच्या पायांत कधी वहाण नसे आणि ओठांवर कधी कठोर शब्द नसे. आजाऱ्याच्या उशाशी ते बसले की ताप उतरतो, असे ओढ्याअलीकडचे लोकसुद्धा मानत आणि त्यांना पाद्रीमहाराज म्हणत. बाबा हसून म्हणत, "ताप उतरायचाच होता. मी नुसता पाणी पाजत बसलो."

अशा साधूच्या मंडळीत सारे कसे गोडीगुलाबीने नांदत असतील, असे आपल्याला वाटते. पण देवमाणूस शेजारी राहिला म्हणून माणसे सुधारतातच असे नाही. तसे असते तर आपण सगळे केव्हाच सुधारलो असतो!

त्या मंडळीची रीत आधी सांगितली पाहिजे. तिथे पाळकाचा हुकूम चालत नसे. मंडळीने निवडलेले पंच, ज्यांना 'वडील' म्हणत, ते एकत्र बसून हात वर करून निर्णय घेत, आणि त्यात पाळकालाही इतरांसारखे एकच मत. दुसरी रीत प्रभुभोजनाची. वर्षातून एकदा, पुनरुत्थानाच्या सणाला म्हणजे ईस्टरला, सगळे एका लांब मेजाशी बसत आणि एकाच भाकरीचा तुकडा व एकाच पेल्यातला घोट घेत. आदल्या दिवशी वडील घरोघर फिरून, ज्याचे वर्तन नीट त्याला पत्र्याचा एक बिल्ला देत. बिल्ला असेल त्यालाच मेजाशी जागा. मंडळीतल्या माणसाला या बिल्ल्याचे मोल काय होते म्हणून सांगू! ज्यांना गावाने पिढ्यान्‌पिढ्या पंगतीबाहेर ठेवले, त्यांच्या हातात कुणीतरी पंगतीचे बोलावणे ठेवत होते.

या मंडळीत ठकूबाई नावाची एक विधवा होती. मूलबाळ नाही, दुसऱ्याच्या रानात खुरपणी करून पोट भरायची. प्रार्थनाघर सारवायचे काम तिने आपणहून घेतले होते. तिची धाकटी बहीण भागू मात्र ख्रिस्ती झाली नव्हती; ती गावकुसाबाहेरच्या जुन्या वस्तीतच राहत होती. तीही विधवा, एकटी.

त्या वर्षी सण होऊन थोडे दिवस गेले, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी गावात पटकी आली. रोज तिरड्या उठू लागल्या. तेव्हा गावाने ठरवले, मरीआईचा गाडा ओढून शिवेबाहेर न्यायचा. हा गाडा ओढायला प्रत्येक घरातला एक हात दोरीला लागावा लागतो. ज्या घराचा हात लागला नाही त्या घराने रोगराई ठेवून घेतली, असे लोक धरून चालतात आणि मग त्या घराचे हाल कुत्रा खात नाही. भागू नेमकी त्याच दिवशी वांत्यांनी आडवी झालेली. पाटलाची माणसे दाराशी येऊन ओरडू लागली, की हात द्या, नाहीतर झोपडी पेटवून देऊ. ठकूबाई बहिणीला पाणी पाजत बसली होती. ती उठली, बाहेर आली आणि तिने बहिणीच्या घरची म्हणून दोरी धरली. शिवेपर्यंत गाडा ओढला, देवीला हात न जोडता मागे वळली आणि पुन्हा बहिणीच्या उशाशी येऊन बसली. भागू वाचली.

गाडा दुसऱ्या गावच्या शिवेला पोहोचायच्या आत बातमी हाबेल कारभाऱ्याकडे पोहोचली.

हाबेल कारभारी म्हणजे मंडळीतले थोरले वडील. मिशनच्या शेतीची देखरेख त्यांच्याकडे. माणूस कामाला वाघ, शब्दाला पक्का. पण आपण पवित्र आहोत हे त्यांना फार लवकर कळले होते आणि ते विसरणे त्यांना जमत नव्हते. त्यांनी वडिलांची सभा बोलावली. मूर्तिपूजेत सामील झालेल्या बाईने साऱ्या मंडळीदेखत 'माझे पाप झाले' असे म्हणावे, तोवर तिने दाराबाहेर पायरीवर बसावे आणि तिला बिल्ला मिळू नये, असा त्यांचा आग्रह.

ठकूबाईला विचारले, तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, "दोरी धरली, ह्ये खरं. देवीला म्या हात न्हाई जोडला. पर पाप झालं आसं कसं म्हनू? तसं म्हनलं तर भागीला तशीच सोडायला हवी हुती, आसं हुतंय."

बाबांनी पुष्कळ समजावून सांगितले. दोरी कुणासाठी धरली ते पाहा, म्हणाले. पण हाबेलचा दरारा मोठा. बाबांचा एक हात तिच्या बाजूने वर गेला, बाकीचे सगळे हात दुसऱ्या बाजूने. निर्णय झाला. बाबा कंदील घेऊन घरी गेले.

मग ते वर्ष सुरू झाले, ज्याचे नाव काढले की हिवरकोंडची मंडळी आजही माना खाली घालते.

पावसाळा आला. आत स्तोत्रे चालत आणि ठकूबाई पायरीवर पोते पांघरून बसे. सारवायचे काम मात्र तिच्याकडेच राहिले. ते काढून घ्यावे असे कुणाला वाटले नाही. हाबेल आत जाताना म्हणत, "काय मरीआईच्या मानकरणी, आज गाडा कुठे नेलास?" तरणी पोरे हसत. ती पाय आवरून वाट देई.

सुगी झाली. पहिल्या धान्याची वाटी घेऊन प्रत्येक घर देवाचे उपकार मानायला आले. ठकूबाईनेही वेचून आणलेला जोंधळा पदरातून पुढे केला. हाबेलने तो घेतला नाही. देवाच्या राशीत तो मिसळायचा नाही, म्हणाले. बाबा तिथेच उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. पण सभेचा निर्णय आहे, मंडळीची रीत आहे, असे मनाशी म्हणून ते गप्प राहिले. किती वाईट वाटते हे सांगताना! साधूंचेही मौन कधीकधी चुकते.

नाताळात डफ वाजवत गाणारी मंडळी घरोघर फिरली आणि ठकूबाईच्या खोपटावरून तशीच पुढे गेली. तिने दारापुढे सडा घालून ठेवला होता.

फाल्गुनात तिला ताप भरला. बाबा रोज जाऊन बसत, पाणी पाजत. या खेपेला ताप उतरला नाही. ती बाबांकडे काही मागत नसे. फक्त एवढेच विचारी, की सण किती दिवसांवर आला. सणाच्या आदल्या दिवशी हाबेल बिल्ले वाटत तिच्या दारावरून चालले, तेव्हा तिने आतून हाक मारली.

"हाबेलदादा, माझा बिल्ला?"

हाबेल थांबले देखील नाहीत. "मरीआईकडं माग," म्हणाले आणि पुढच्या घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मेज मांडले गेले. पांढरे कापड अंथरले, हाबेलच्या घरून ताजी भाकर आली. सगळे बसले. बाबांनी उपकारस्तुती केली, भाकर हातात घेतली आणि मोडू लागले. भाकर मोडेना.

भक्तहो, जोंधळ्याची भाकर ती! मोडायला काय बळ लागते? नीट धरली नाही तर आपणहून तुकडे पडतात. बाबांनी पुन्हा जोर लावला. मोडेना. मेजाभोवती कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याच्या हातात जीव राहिला नाही असे वाटून हाबेलने पुढे होऊन ती आपल्या हातात घेतली. ते नांगर उचलणारे हात. कपाळाला घाम फुटला, बोटे पांढरी पडली, पण भाकरीला चीर जाईना. हाबेलने ती मेजावर ठेवली आणि ते दोन पावले मागे सरले.

बाबांनी डोळे मिटले. मग ते म्हणाले, "हाबेल, हे प्रभूचं शरीर आहे असं आपण म्हणतो, आणि आपली मंडळी म्हणजेही त्याचंच शरीर. ते तर आपण वर्षापूर्वीच मोडलंय, त्या सभेत. आता आणखी काय मोडणार?"

बाबांनी भाकर आणि पेला उचलला आणि ते अनवाणी चालू लागले. सगळी मंडळी त्यांच्या मागे, आणि सर्वांत शेवटी हाबेल.

खोपटात ठकूबाई गोधडीवर पडली होती. भागू उशाशी होती. बाबांनी खाली बसून भाकर तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "ठकूबाई, ही आमच्याच्यानं मोडत नाही. तुम्ही मोडा."

ती घाबरली. "माज्याकडं बिल्ला न्हाई, बाबा."

बाबांनी मागे वळून पाहिले. सगळे बिल्ले आदल्या दिवशीच वाटून झाले होते. हाबेलने आपल्या बंडीच्या खिशात हात घातला, स्वतःचा बिल्ला काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तिने मूठ मिटली. मग दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिने भाकरीची कड धरली, आणि भाकर अलगद मोडली!

लोकांनी हात जोडले, कुणी रडू लागले. ठकूबाईने पहिला तुकडा हाबेलकडे केला. "घ्या दादा," म्हणाली. हाबेलने तो घेतला. तिचे पाय धरावेत असे त्यांच्या मनात आले होते, पण एवढ्या लोकांत, मिशनच्या कारभाऱ्याने, खोपटातल्या बाईचे? उद्या सकाळी एकटे येऊन धरू, असे त्यांनी ठरवले. ठकूबाईने आपला तुकडा तोंडात घातला, पेल्यातला घोट घेतला आणि ती भागूच्या मांडीवर डोके ठेवून शांत निजली.

पहाटे ती गेली.

मूठमाती देऊन आल्यावर हाबेल बाबांकडे आले आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवायला वाकले. बाबांनी पाय मागे घेतले.

"माझ्या पाया पडू नका," बाबा म्हणाले. "त्या दिवशी मी तिच्या बाजूनं हात वर केला आणि माझं काम झालं असं समजलो. घरी गेलो आणि पोटभर जेवलो. तिच्याबरोबर पायरीवर जाऊन बसायला मला कुणाचं मत लागत नव्हतं. वर्षभर मला हे सुचलं नाही, हाबेल. भाकरीला सुचलं."

त्या चमत्काराचे वर्णन लोक पुढे फार करू लागले. लांबून माणसे बाबांच्या दर्शनाला येत. बाबा त्यांना पाणी देत, पण भाकरीची गोष्ट कुणी काढली की उठून बाहेर जात.

हाबेल त्या दिवशी बाबांच्या घरून निघाले ते घरी गेले नाहीत. ओढा ओलांडून ते जुन्या वस्तीत शिरले. मिशनचा कारभारी तिकडे कधी फिरकला नव्हता. लोक कामे टाकून बघू लागले. भागूच्या दाराशी जाऊन त्यांनी डोक्याचा फेटा उतरवला आणि सगळ्यांदेखत मातीत गुडघे टेकून तिच्या पायांवर डोके ठेवले.

भागूने पाय मागे घेतले नाहीत आणि ती रागावलीही नाही. ती म्हणाली, "येक वरीस आधी आला आसता, दादा, तर तिनंच उठवलं आसतं तुमास्नी."