झिलूने इंजिन गार केलं

कोकणात खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका गावात एक भोळा मेव्हणा होता. नाव झिलू. वय चाळीस, अंग दणकट, कामाला वाघ. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा, आणि तिथेच सगळा घोळ व्हायचा.

त्याच्या बहिणीचा नवरा भिकाजी तांडेल. त्याची मोटरबोट होती. दर जत्रेला गावात बोटींची शर्यत लागे, आणि जिंकलेल्या बोटीतून देवीची पालखी खाडीपार जाई. सात वर्षं हा मान खालच्या वाडीच्या बुधाजीकडे होता. भिकाजीची बोट निघायची झोकात, पण अर्ध्या खाडीत इंजिन तापायचं आणि बोट रांगायला लागायची. भिकाजीला हे फार झोंबायचं. बायकोच्या भावाला हाकलता येत नाही, म्हणून त्याने झिलूलाच कामाला लावलं.

"झिलू, इंजिनाक गरम हवा चलत नाय. तेका गार हवा दी."

झिलूने सूप आणलं. इंजिनाच्या कप्प्यासमोर बसला आणि सकाळभर झाकणाला वारा घातला.

"अरे, बंद झाकणाक वारो कित्याक घालतंस? गार हवा होई तर आधी झाकण उघड!"

"बरा, भावोजी."

दुसऱ्या दिवशी बोटीवर बर्फाची पेटी आली. आत भिकाजीने आपल्या जावयासाठी घेतलेली सुरमई. झिलूने लगेच झाकण उघडलं आणि निवांत जेवायला गेला. परत येईपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं आणि सुरमई मांजरांनी नेली होती. जावयाला वालाची उसळ वाढली.

"गाढवा, गार ठेवचा तर ओलो गोणपाट घालून गच्च झाकूचा!"

"बरा, भावोजी."

तिसऱ्या दिवशी झिलूने सात ओले गोणपाट आणले. इंजिनाच्या कप्प्याचे सगळे झरोके त्याने गच्च बुजवले. बोट धक्क्यावरून सुटली, दोनदा खोकली आणि बंद पडली. भिकाजीला वल्हवत परत यावं लागलं. धक्क्यावर बुधाजी पान चघळत बघत होता.

"अरे, इंजिन श्वास घेता! भोकां मोठी होई, गार बाजूक होई. आणि वाटेत आडवा कायएक ठेवू नको!"

"बरा, भावोजी."

या वेळी झिलूने खरंच विचार केला. बोट वाळूवर ओढलेली होती. त्याने सगळीकडे हात लावून पाहिला. वरची फळी तापलेली. बाजूची कोमट. तळाची मात्र गारेगार! त्याने गिरमिट घेतलं, तळाला तीन मोठी भोकं पाडली आणि वाळू शिरू नये म्हणून लाकडी खुंट्या ठोकल्या.

जत्रेचा दिवस उजाडला. ढोल वाजले, बोटी सुटल्या. झिलू भिकाजीच्या बोटीत इंजिनापाशी बसला होता. अर्ध्या खाडीत भिकाजी चक्क बुधाजीच्या पुढे होता! पण इंजिन तापलं, धापा टाकू लागलं, आणि बुधाजी जवळ येऊ लागला. भिकाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झिलू! गार हवा! आता!"

झिलूने तिन्ही खुंट्या उपटल्या.

बुधाजीची बोट शेजारून निघून गेली, तेव्हा भिकाजी कमरेपर्यंत पाण्यात उभा होता.

"मेल्या, खुंटयो लाव! लवकर लाव!"

"त्यो मी लांब भिरकावल्यो, भावोजी. वाटेत आडवा कायएक नको ना?"

पाणी छातीला लागलं. झिलूने बुडी मारली, बराच वेळ खाली राहिला आणि फुललेल्या चेहऱ्याने वर आला.

"भावोजी, इंजिनाक हात लावन बघा तरी! इतका गार ता कधीच नव्हता!"