गुणाजीची फेरी

खाडीवर पूल नव्हता आणि नारळाचा भाव होडीतून गावात यायचा, तेव्हाची ही गोष्ट. खाराळे गावात आवडाक्का नावाची तेलीण होती. तिचा एक लाकडी घाणा, आणि तो ओढणारा म्हातारा बैल गुणाजी.

एकदा गावचे माड रुसले. नारळ धरलाच तर लिंबाएवढा, नाहीतर कोवळाच गळायचा. आमचे लोक हौशी! होतं नव्हतं ते शेणखत माडाच्या बुंध्याशी रचायचे, वर हळदकुंकू. माड उपाशीच. शेवटी गावचे मुख्य बाबुली गावकर म्हणाले, "तोडा सगळे. वासे तरी होतील."

आवडाक्काने हिशेब केला. माड गेले की घाणा बसला! पण तिच्या दारचा एक माड मात्र लगडलेला. असं का?

असं म्हणतात, गुणाजीनेच तिला दाखवलं. काम सरलं की त्याला त्या माडाला बांधायचे. पण जन्माची सवय! दाव्याच्या टोकाशी, बुंध्यापासून चार हातांवर, तो गोल गोल फिरतच राहायचा. शेण पडायचं ते त्या गोलात. आक्काने तिथे खणलं, तर कोवळ्या मुळांची जाळी. बुंध्याशी खणलं, तर नुसती जून, वठलेली.

आम्हा व्यापाऱ्यांना हे लगेच पटतं. गिऱ्हाईक बसतं तिथेच माल मांडावा.

माड बुंध्याशी नाही, चार हातांवर जेवतो, असं आक्काने गावसभेत सांगितलं. गावकर हसले. "आक्का, घाण्यात नारळाबरोबर अक्कलही पिळलीस की काय गो?"

"गावकरांनू, तुम्ही जेवता ते ताट बुडाखाली घेऊन, की पुढ्यात?"

सगळी सभा खो खो हसली.

"तीन पावसाळे द्या," आक्का म्हणाली. "नाही धरले, तर पहिली कुऱ्हाड माझ्या माडावर."

मग ती गुणाजीला माडामाडाला बांधत गेली. तो फिरेल तिथे चर खणायचा, त्यात शेण, राख, मीठ, मासळीचा कुटा घालून माती ओढायची.

तिसऱ्या वर्षी, असं म्हणतात, माडांना टेकू द्यावे लागले. होड्या पुरेनात, तेव्हा नारळ खाडीत सोडले, तर ते रांगेने आपले आपण बंदराला गेले, आणि वाटेत एकही कुणाच्या हाती लागला नाही!

आजही खाराळ्यात नवा माड रुजला की त्याच्याभोवती बैलाची फेरी होते. आधी पेंड बैलाला, मग नारळ देवाला. दावं धरायचा मान गावकरांच्या घराण्याचा. आणि कुणी बुंध्याशी खत टाकताना दिसला, की अख्खी वाडी ओरडते,

"अरे, ताट पुढ्यात!"