पाठमोरा कोतवाल

झाडांना अजून कुंपणं नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका बाभळीवर कोतवाल पक्षी राहायचा. ससाण्यालाही पिटाळून लावणारा पठ्ठ्या! म्हणून बुलबुल, होले, सगळ्यांनी त्याच्याच आसऱ्याला घरटी बांधली.

पण दिसेल ते सांगितल्याशिवाय कोतवालाला चैन पडेना. "बुलबुलीणबाईंनी आजही घरटं झाडलं नाही बरं का! आणि होल्याचं बायकोशी वाजलंय!" सगळी बाभळ खदखदून हसे.

एके सकाळी बुलबुलीण घरट्याच्या काड्या उचलून निघाली.

"अहो, ससाणा आला तर?" कोतवाल घाबरला.

"ससाणा एकदाच खाईल, कोतवालदादा. तुम्ही तर रोज चव्हाट्यावर आणता!"

कोतवाल ओशाळला. त्या दिवसापासून तो घरट्यांकडे पाठ करून, आभाळाकडे तोंड करून बसू लागला. बुलबुलीण थांबली.

पुढे एकदा साळुंकीने लाडीगोडी लावली, "बुलबुलिणीकडे आज कोण आलं होतं हो?"

"ससाणा नव्हता," कोतवाल म्हणाला, "एवढंच मला ठाऊक."