गांडुळाची सरळ वाट

विहिरीचं पाणी गोड होतं, तेव्हाची गोष्ट. धुरपदाबाईंच्या गव्हाच्या शेतात एका गांडुळाने वरपासून खोलवर सरळसोट बीळ पाडलं होतं.

"माझ्या वाटेने पाणी कसं झरझर उतरतं, बघ!" ते शेजारच्या रोपाला सांगायचं.

एकदा धुरपदाबाईंनी "एकदाचं उरकू" म्हणत युरिया फेकला आणि लगेच पाटाचं पाणी मोकळं सोडलं. काही दिवसांनी विहिरीतला बेडूक तणतणत आला. "गांडूळदादा, पाणी कडवट का लागतंय?"

गांडूळ चक्रावलं. पाण्यात युरिया उतरला की काय? पण तो तर पिकासाठी होता! त्याने रोपाला विचारलं, "तुला मिळाला ना?"

"माझ्या मुळाजवळून गेला खरा," पिवळं पडलेलं रोप म्हणालं, "पण थांबला कुठे?"

आपल्याच सरळ वाटेने तो पाण्याबरोबर झरझर खाली विहिरीपर्यंत गेला, हे गांडुळाला उमगलं. त्या दिवसापासून गांडूळ वळणं घेत माती पोखरतं.